नाक नसलेलं घड्याळ

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो, मला कुणाकडून शाबासकी नको आहे. माझ्या सख्ख्या मामीच्या बाबतीत हे घडलं. तिनं मला ते कितीतरी वेळा सांगितलं आणि दर वेळी सारखंच सांगितलं. थापा मारणारा माणूस दर खेपेला थोडं तिखटमीठ वाढवतो. मामीनं कधी एक शब्द वाढवला नाही.

दुसरी गोष्ट. यात मध्यरात्र नाही, स्मशान नाही, कुत्र्यांचं रडणं नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं. मामा-मामीच्या कारखान्यात, खिडक्या सताड उघड्या असताना.

ते घड्याळ आता माझ्याकडे आहे. मी हे लिहितोय त्याच खोलीत, समोरच्या भिंतीवर.

रोज सकाळी दात घासायच्या आधी मी एक बारीक सुई घेतो आणि त्याच्या लंबकाला असलेलं एक भोक साफ करतो. ताप असला तरी करतो. गावाला जायची वेळ आली तर जात नाही.

का, ते ऐका.

माझा मामा लाकडाचा माणूस. अक्रोडाच्या लाकडात घड्याळं कोरायचा. झाडाचं खोड, घुबड, दीपगृह, तुम्ही म्हणाल ते. आणि मामी तांब्याची. कारखान्याच्या मागच्या खोलीत तिची काचेची मोठी टाकी होती, मोरचुदाच्या निळ्याशार पाण्यानं भरलेली. खरं पान, खरी फांदी, रिकामं पोळं, जे असेल ते घ्यायचं. त्यावर लाखेचे हात द्यायचे, मग तांब्याच्या भुकटीचा लेप, आणि तारेला बांधून त्या पाण्यात सोडायचं. समोर तांब्याची जाड पट्टी टांगलेली. विजेची बारीकशी धार सोडली की पट्टीतलं तांबं पाण्यातून सरकत येऊन त्या पानावर बसतं. सावकाश, दुधावर साय धरावी तसं. पानाची शीर न् शीर उमटते, आणि आतलं पान कायमचं बंद होतं.

हे सगळं मग मामाच्या घड्याळावर बसायचं. लोक लांबून बघायला यायचे.

पण मामाचा एक नियम होता. नाक ठेवायचं.

नाक म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक. खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं. वस्तू कितीही वाळवली तरी आत थोडी ओल राहतेच. भोक नसेल तर ती आत कोंडते, उन्हाळ्यात फुगते आणि तांबं फाडून बाहेर पडते. एकदा एक घड्याळ असंच गिऱ्हाइकाच्या बैठकीत फुटलं होतं. तेव्हापासून हातातून काम सोडताना मामा विचारायचाच, "नाक ठेवलंस ना?"

"ठेवलंय," मामी म्हणायची. "तुमच्याएवढं नाही, पण ठेवलंय."

मामाचं नाक खरंच मोठं होतं.

त्यांना एकच मुलगी. तिला सगळे शिट्टी म्हणायचे. बिचारीला लहानपणापासून दमा, श्वास घेतला की छातीत बारीक शिट्टी वाजायची. लपाछपीत तिला कधी लपता आलं नाही. मी स्वतः तिला पडद्यामागून, पलंगाखालून त्या आवाजावर शोधून काढलंय आणि ती माझ्यावर रुसलीय. डॉक्टरांनी तिला छातीचा व्यायाम म्हणून फुगे फुगवायला सांगितले होते. कारखान्यात भुसा कमी आणि फुगे जास्त, असं मामा म्हणायचा.

मामी कामात असली तरी तिचा एक कान त्या शिट्टीकडे असायचा. आवाज येतोय म्हणजे पोर ठीक आहे.

एके दिवशी दुपारी ती बाई आली.

साधी, नीटनेटकी, पस्तिशीची असेल. हातात बुटांचं खोकं, दोन्ही हातांनी धरलेलं. खोकं तिनं मामीच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत कापूस होता, आणि कापसावर एक फुगा.

लहानसा. लाल दोऱ्यानं बांधलेला. थोडा मऊ पडलेला.

"यावर तांबं चढेल?" बाईनं विचारलं.

"चढेल की," मामी म्हणाली. "वरून लाख दिली की रबर काय आणि पान काय. पण कालांतरानं आतली हवा..."

"मला हवाच हवी आहे," बाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिचा मुलगा शिट्टीच्याच वयाचा. ताप आला, तो छातीत उतरला. त्यालाही फुगे फुगवायला सांगितले होते. खाटेवर बसून फुगवायचा. त्याची एक तऱ्हा होती, दोन छोट्या फुंकरी आणि मग एक लांब. दर वेळी तसंच. आई त्याला हसायची. हा फुगा त्यानं सकाळी फुगवला, आईनं दोरा बांधला.

दुपारी तो नव्हता.

"रोज थोडा थोडा कमी होतोय," बाई म्हणाली. "सकाळी उठले की आधी बोटानं दाबून बघते, किती उरलाय ते. मला त्याला कुठेतरी असं ठेवायचंय की तो आणखी कमी होणार नाही."

मामा रंधा खाली ठेवून जवळ आला होता. तो म्हणाला, "करू आपण. घड्याळाचा लंबक करू त्याचा. हलका आहे, छान झुलेल."

"पण भोक ठेवू नका," बाई म्हणाली.

तिनं काचेच्या कपाटातली घड्याळं बारकाईनं पाहिली असणार.

"ते नाही जमायचं, बाई," मामा म्हणाला. "नाकाशिवाय आमच्याकडून काही बाहेर जात नाही."

"भोक ठेवायचं असेल तर मी हा कशाला आणला?"

 मामा हातावरचा भुसा झाडत राहिला. वरच्या मजल्यावर शिट्टी तापानं झोपली होती आणि जिन्यावरून तिचा आवाज येत होता. सूं... सूं... मामीनं तो ऐकला आणि समोरच्या बाईकडे पाहिलं.

"नाही ठेवणार भोक," ती म्हणाली. "शब्द देते."

 पण त्या दिवसापासून मामा मागच्या खोलीत जाताना दारात जरा थबकायचा.

काम सुरू झालं आणि पहिल्याच पायरीला अडलं. फुगा मऊ पडलेला. लाखेचा पहिला हात वाळता वाळता तो आणखी बसला आणि लाख तडकली. मामीनं ती हलकेच उतरवली, दुसरा हात दिला, तोही तडकला. सुरकुतलेल्या कातडीवर लाख धरत नाही आणि लाख धरली नाही तर तांबं चढत नाही. फुगा ताठ हवा होता. आणि तो तर दिवसेंदिवस खाली बसत चाललेला.

मामीनं जे केलं ते कुणीही कारागीर करेल. तिनं दोरा सोडला.

फुग्याची मान चिमटीत घट्ट धरली. एक कणही बाहेर जाऊ दिला नाही, असं ती शपथेवर सांगायची. पण तिच्या तोंडावर फडकं बांधलेलं, दुसरा हात लाखेनं बरबटलेला. म्हणून तिनं हाक मारली.

"शिट्टे, इकडे ये. एक फुंकर घाल यात. हळू."

"हा कुणाचा आहे?"

"गिऱ्हाइकाचा. आणि हे कुणाला सांगायचं नाही."

मामीच्या मनात तेव्हा काही वावगं नव्हतं. त्या मुलाचा श्वास तर आहेच आत. वरून थोडा घातला. दुधात चमचाभर पाणी, कुणाला कळतंय?

शिट्टीनं ओठ लावले आणि फुंकलं. फुगा ताठ झाला. मामीनं लगेच मान आवळली, दोरा गुंडाळला, गाठ मारली.

शिट्टी तिथेच उभी होती. हाताच्या पाठीनं ओठ पुसत होती.

"आई, त्यानं परत फुंकलं."

"कुणी?"

"फुग्यानं. माझ्या तोंडात. दोनदा... छोटं छोटं."

"रबर आहे ते. मागे लोटतंच," मामी म्हणाली.

 पण दोन छोट्या फुंकरींचं ती बाई बोलली तेव्हा शिट्टी वर झोपलेली होती. तिला ते कुणीही सांगितलं नव्हतं.

या वेळी लाख नीट धरली. लेपही बसला. फुगा पाण्यावर तरंगतो, म्हणून मामीनं त्याला काचेचा जड गोळा बांधून टाकीत बुडवला. वीज सोडली. तार जिथे टेकली होती तिथून गुलाबीसर तांबं पसरायला लागलं.

मामी स्टुलावर बसून बघत होती.

फुग्याखालून एक बुडबुडा आला. बारीक.

मग आणखी एक... बारीकच.

मग एक मोठा.

टाकीत बुडबुडे येतातच, ती स्वतःला म्हणाली. विजेनं येतात. पण ते कसेही येतात, फसफसत येतात. असे ठरल्यासारखे येत नाहीत. तिनं बराच वेळ पाहिलं. दोन बारीक, एक मोठा. मध्ये थोडं थांबणं. पुन्हा दोन बारीक.

ती उठली आणि टाकीवर फडकं टाकलं.

पुढचे काही दिवस तांबं चढत होतं आणि घरात काहीतरी कमी झाल्यासारखं मामीला वाटत होतं. काय ते कळेना. रंधा चालू होता. भिंतीवरची घड्याळं चालू होती. नळ गळत होता तोही नेहमीसारखाच. ती भाजी चिरता चिरता थांबायची आणि कान द्यायची.

मग एकदम लक्षात आलं.

शिट्टी वाजत नव्हती.

मामा खूश झाला. "बघ, पोर बरी झाली," म्हणाला. मामीनंही तसं समजायचा प्रयत्न केला. पण बरी झालेली पोर जिन्याच्या मध्यावर बसून राहत नाही. शिट्टी बसायची. एक हात कठड्याला, तोंड उघडं, खांदे वर-खाली. आवाज मात्र काहीच नाही. हसायची तेही आवाजाशिवाय.

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग म्हणाले, "छाती अगदी शांत आहे. दम्याच्या मुलांची इतकी शांत छाती मला आवडत नाही. ओठ काळसर दिसले तर एक मिनिट घालवू नका, सरळ दवाखान्यात आणा." औषधं बदलली. फरक पडला नाही.

इकडे फुग्यावर तांबं सगळीकडून येऊन तळाशी मिळत चाललं होतं. आधी बशीएवढी जागा उघडी होती, मग बटणाएवढी, मग डाळीच्या दाण्याएवढी. मामीनं ते रोज पाहिलं आणि रोज शिट्टीलाही पाहिलं. दोन्हीची सांगड तिच्या मनानं घातली नाही असं नाही. ती मला म्हणाली, "मनात आलं होतं रे. पण असलं मनात आलं तर माणूस काय करतं? स्वतःलाच वेड्यात काढतं."

एका सकाळी ती शेवटची जागाही बंद झाली.

गोळा बाहेर काढला, धुतला, घासून चकचकीत केला. मामानं तोवर घड्याळ तयार केलं होतं. एक उघडी खिडकी कोरलेली, चौकटीवर वेल, आणि खिडकीतून खाली लंबक. गोळा दांडीला लावून त्यानं सवयीनं विचारलं, "नाक ठेव..." आणि तो मध्येच थांबला.

कुणी हसलं नाही.

बाई दुपारी घड्याळ न्यायला येणार होती.

दुपारी शिट्टीचे ओठ काळसर दिसायला लागले.

मामा चप्पल न घालताच गाडी बघायला धावला. मामीनं तिला कारखान्यात खिडकीजवळच्या बाकावर, उशांना टेकवून बसवलं. बाहेर लख्ख ऊन. समोरच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. समोर भिंतीवर ते घड्याळ, लंबक झुलतोय. टक... टक... टक...

आणि मामीला शिट्टी ऐकू आली.

सूं... सूं...

तिचा जीव भांड्यात पडला. आली, आवाज आला. ती पोरीकडे वळली.

शिट्टीचं तोंड उघडं होतं. छाती हलत होती. पण तिच्याकडून कसलाच आवाज येत नव्हता. मामीनं तोंडाजवळ कान नेला.

काही नाही. वाराही नाही.

सूं... सूं...

आवाज मागून येत होता. भिंतीवरून.

मामी उठली. भिंतीजवळ गेली. तिनं लंबक हातानं थांबवला. घड्याळाची टकटक थांबली.

शिट्टी थांबली नाही.

तांबं गरम होतं. सावलीतल्या भिंतीवरचं तांबं, आणि गरम. तिनं गोळा कानाला लावला. आत, अगदी जवळ, तिच्या लेकीचा श्वास होता. तो ओळखायला तिला कुणी सांगायची गरज नव्हती. वर्षानुवर्षं ती त्याच आवाजावर झोपली होती आणि त्याच आवाजावर जागी झाली होती.

आणि त्याच्या मागे आणखी एक होता. दोन छोटे... एक लांब.

आत दोघं होती.

मामीनं गोळा दांडीवरून काढला, मामाच्या टेबलावर ठेवला, त्याचं सगळ्यात बारीक गिरमिट उचललं आणि टोक तांब्यावर टेकवलं.

"काय करताय?"

दारात ती बाई उभी होती. हातात तेच खोकं, नवा कापूस घातलेलं.

मामीनं गिरमिट हलवलं नाही. पण खोटंही बोलली नाही. "फुगा बसला होता. माझ्या मुलीनं यात फुंकलंय. मी सांगितलं म्हणून फुंकलं. तुमच्यापासून लपवलं मी." तिनं मानेनं बाकाकडे दाखवलं. "तिच्याकडे बघा."

बाईनं बघितलं. काळे ओठ बघितले, उघडं तोंड बघितलं. तिनं हे आधी एकदा पाहिलं होतं. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

ती पुढे आली आणि तिनं मामीचं मनगट धरलं.

"दुसरं काहीतरी करा," ती म्हणाली. "माझा एवढाच उरलाय."

"माझीही एवढीच आहे," मामी म्हणाली.

आणि तिनं गिरमिट फिरवलं.

मामी मला नेहमी सांगायची, "तिनं माझं मनगट सोडलं नाही. पण ओढलंही नाही. ओढलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. तिला ओढता आलं असतं रे. तिनं ओढलं नाही."

तांब्याचा बारीक कीस वर आला. मग लाख. मग रबर, टचकन.

हवा बाहेर येईल म्हणून मामीनं गाल पुढे केला होता. हवा आली नाही. फुस्स नाही, काही नाही. क्षणभर त्या खोलीत कुणाचाच श्वास चालू नव्हता.

मग बाकावरून आवाज आला.

एक छोटा श्वास.

आणखी एक... छोटा.

मग एक लांब, खोल, पोटापर्यंत गेलेला.

बाईच्या हातातलं खोकं पडलं. ती बाकाजवळ गेली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं शिट्टीच्या तोंडाजवळ कान नेला. पुन्हा दोन छोटे, एक लांब. शिट्टीनं डोळे उघडले. त्या अनोळखी बाईकडे पाहिलं आणि दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले.

मामी तिथेच उभी होती, गिरमिट हातात. टेबलावरच्या गोळ्यातून, नव्या भोकातून, बारीक आवाज येत होता.

सूं... सूं...

मामा गाडी घेऊन आला तेव्हा पोरीचे ओठ गुलाबी झाले होते. बाई उठली, तिनं पदरानं तोंड पुसलं. मामी तिला घड्याळ द्यायला गेली तर तिनं मान हलवली.

"तुम्हीच ठेवा. यात माझं कुणी नाही."

त्या दिवसानंतर शिट्टीला दमा झाला नाही. कधीच नाही. डॉक्टरांनी औषधाला श्रेय दिलं, मामीनं देऊ दिलं. पोर धावायला लागली, जिने चढायला लागली. फक्त तिचा श्वास बदलला होता. झोपेत तर स्पष्ट ऐकू यायचा. दोन छोटे, एक लांब. मी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की ऐकायचो. तेव्हा गोष्ट माहीत नव्हती. मला वाटायचं, गंमत आहे.

आणि घड्याळ शिट्टी वाजवत राहिलं.

मामाला तो आवाज सहन होईना. एकदा त्यानं कुणाला न सांगता भोकात मेणाचा ठिपका दाबला. आवाज बंद झाला. थोड्या वेळानं शाळेतून निरोप आला, मुलगी मैदानात पडली आहे, श्वास घेत नाहीये.  मामा मागे वळला, घड्याळाकडे धावला आणि नखानं मेण उकरून काढलं. शाळेत पोहोचला तेव्हा शिट्टी उठून पाणी पीत होती.

त्या दिवसापासून सुई. तांबं हवेला हिरवं पडतं, आणि भोकाच्या कडेला तर लवकरच. हिरवी पूड साचत साचत भोक बुजवते. म्हणून रोज सकाळी.

बाई मात्र यायची थांबली नाही.

दुपारी यायची. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दारात उभी राहायची, हातात एक नवा, न फुगवलेला फुगा. "एकदाच," म्हणायची. "तिला एकदाच फुगवू द्या. मी घेऊन जाईन. पुन्हा येणार नाही."

मामी नाही म्हणायची. फुग्यातून काय जाईल आणि पोरीत काय उरेल, हे कोण सांगणार? दार लावून घ्यायची आणि दाराला पाठ टेकून रडायची. पलीकडे बाई रडत असायची. मधे एक फळी. शेवटी मामानं बिऱ्हाड हलवलं, कारखाना हलवला, कुणाला पत्ता दिला नाही.

काही वर्षांनी कळलं, बाई वारली. मामाला राहवलं नाही, तो जाऊन आला. त्यानं तिला शेवटचं पाहिलं. परत आल्यावर म्हणाला, "सुटली बिचारी." आणि त्या दिवशी तो घड्याळासमोर बराच वेळ बसला.

आता मामा नाही. मामीही गेली. जाण्याआधी तिनं मला बोलावलं, सगळं पुन्हा एकदा सांगितलं आणि सुई हातात दिली. शिट्टीला स्वतःकडे घड्याळ नको होतं. "स्वतःचा श्वास भिंतीवर टांगून कुणाला झोप येईल, दादा?" म्हणाली. ती दुसऱ्या शहरात असते. लग्न झालंय, एक लहान मुलगी आहे. छोटीही झोपेत तसाच श्वास घेते, दोन छोटे, एक लांब. आम्ही म्हणायचो, आईवर गेलीय.

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली.

काल दुपारी शिट्टीचा फोन आला.

"दादा, घड्याळ ठीक आहे ना?"

"ठीक आहे. सकाळीच सुई फिरवली."

"आवाज येतोय?"

मी फोन घड्याळाजवळ धरला. सूं... सूं... तिनं ऐकला. 

"मी गच्चीत कपडे काढायला गेले होते," ती म्हणाली. "दार उघडं होतं. खाली आले तर छोटी उंबऱ्यावर बसलेली. म्हणाली, एक आजी आली होती. तिनं फुगा दिला आणि म्हणाली, मला फुगवून दे. मी दिला फुगवून. आजीनं लाल दोरा बांधला... आणि घेऊन गेली."

 मी विचारलं, "छोटी कशी आहे?"

"खेळतेय. हसतेय. पण दादा, हे ऐक."

तिनं फोन पोरीच्या छातीला लावला असावा. दोन छोटे आणि एक लांब, त्यातलं काही नव्हतं. साधा श्वास होता. आत एक, बाहेर एक. आणि त्याच्या तळाशी, अगदी बारीक, एक शिट्टी.

काल रात्री मी झोपलो नाही. शिट्टीचा श्वास निदान माझ्या समोर आहे. त्याला तांब्याचं कवच आहे, सुई आहे, मी आहे. छोटीचा कुठे आहे, कुणाकडे आहे, आम्हाला कुणालाच माहीत नाही.

तो नुसता रबराचा फुगा आहे. आणि फुगा रोज थोडा थोडा कमी होतो.